ऐकू कमी येणाऱ्या आईवडिलांशी बोलायचं कसं

ऐकू कमी येणारं माणूस घरात असलं की त्या घराचा आवाजच बदलतो. टीव्ही मोठा होतो, साधा निरोपही ओरडून द्यावा लागतो, आणि हळूहळू घरातले लोक गरजेपुरतंच बोलू लागतात. ‘जेवलात का’, ‘गोळी घेतलीत का’ एवढ्यावर सगळं बोलणं येऊन थांबतं. शेजारणीच्या मुलीचं लग्न ठरलं, नातवाला नोकरी लागली, गावच्या घराचं काय करायचं ठरलं, हे त्यांना सगळ्यांत शेवटी कळतं किंवा कळतच नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण यातलं बरंचसं टाळता येतं.

साठी ओलांडलेल्यांपैकी २५ टक्क्यांहून जास्त लोकांना रोजच्या जगण्यात अडचण येईल इतकं कमी ऐकू येतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असं कुणी ना कुणी आहेच. हा लेख मुख्यतः त्यांच्याशी बोलणाऱ्यांसाठी आहे. कान त्यांचे अधू झालेत, त्यात त्यांना फारसं काही बदलता येत नाही. आपल्याला आपली जागा, वेग, शब्द आणि वेळ हे सगळं बदलता येतं, म्हणून जास्त जबाबदारी आपली.

आवाज येतो, शब्द येत नाही

वयोमानाने कान उतरतात तेव्हा सगळे आवाज सारखे लहान होत नाहीत. आतल्या कानात वळसेदार नळी असते, तिला कॉक्लिआ म्हणतात. तिच्यातल्या केसपेशी आवाजाचं रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशात करतात. बारीक, उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी या नळीच्या तोंडाशी असतात आणि सहसा त्याच आधी निकामी होतात. माणसाच्या कानात या पेशी पुन्हा तयार होत नाहीत.

याचा भाषेवर होणारा परिणाम नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. आपल्या बोलण्यात आ, ई, ओ हे स्वर जोरकस आणि खालच्या पट्टीतले असतात. स, श, च, फ, थ, ख, ट ही व्यंजनं मात्र क्षीण आणि उंच पट्टीतली. कान उतरले की स्वर पोचतात, व्यंजनं गळतात. ‘सात’, ‘साठ’, ‘आठ’, ‘खाट’, ‘काठ’ हे पाचही शब्द त्यांच्यापर्यंत जवळपास सारखेच पोचतात: मध्ये एक ठळक ‘आ’ आणि दोन्ही बाजूंना धूसर काहीतरी. पावसात भिजलेल्या पत्रासारखं होतं. ओळी दिसतात, कुणाचं अक्षर आहे तेही ओळखता येतं, पण मजकूर लागत नाही. म्हणून ते म्हणतात, ‘तू बोलतोयस ते कळतं, काय बोलतोयस ते कळत नाही.’ ही तक्रार शब्दशः खरी आहे.

घराघरांत ऐकू येणारं एक वाक्य आहे: ‘यांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं.’ मुलाचं कळतं आणि सुनेचं कळत नाही, यावरून कितीतरी घरांत मनं दुखावली आहेत. पुरुषांचा आवाज खालच्या पट्टीत असतो, बायकांचा त्याहून वर आणि लहान मुलांचा आणखी वर. उंच पट्टी आधी जात असल्यामुळे सून आणि नातवंडं यांचंच बोलणं आधी हरवतं. शिवाय नातवंडं भरभर आणि पळता पळता बोलतात. पहाटेच्या शांततेत मागच्या खोलीतली कुजबुज ज्यांना ऐकू आली त्यांना संध्याकाळी शेजारी बसून बोललेलं कळत नाही, कारण संध्याकाळी टीव्ही, पंखा आणि रस्ता तिघंही मध्ये बोलत असतात. यात लबाडी नाही. कानाच्या दुखण्याचं स्वरूपच तसं आहे.

आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. आधी ते म्हणतात, ‘जरा मोठ्याने बोल.’ आपण आवाज चढवला की दुसऱ्याच क्षणी, ‘ओरडतोस कशाला? बहिरा नाही झालो मी!’ दोन्ही खरं असतं. केसपेशी गेल्या की लहान आवाज ऐकूच येत नाही, आणि तो थोडा वाढला की एकदम कर्कश वाटतो. ऐकू येणं आणि कानाला त्रास होणं यांच्यातली जागाच अरुंद होते. ओरडल्याने काम होत नाही ते यामुळे. ओरडताना जोर स्वरांनाच मिळतो, हरवलेली व्यंजनं हरवलेलीच राहतात. त्यात ओठांचा आकार बिघडतो आणि चेहरा रागावलेला दिसतो. समोरच्याला शब्द कळत नाहीत, राग मात्र पुरता कळतो.

पहिली पायरी: कान दाखवून घ्या

‘वय झालं, आता चालायचंच’ म्हणून तपासणी टाळू नका. कधीकधी नुसता कानात घट्ट बसलेला मळ असतो आणि डॉक्टरांनी तो काढल्यावर बराच फरक पडतो. घरी काडी, पिन, इअरबड घालू नका. मळ आत ढकलला जातो. कानात कोमट तेल घालण्याची सवय अजून पुष्कळ घरांत आहे. पडद्याला छिद्र असेल तर त्यातून संसर्ग होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी कान पाहिल्याशिवाय काही घालायचं नाही.

एका गोष्टीत मात्र एक दिवसही घालवू नका. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. यावरच्या उपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो, आणि लोक ‘पाणी गेलं असेल’ म्हणत नेमके तेच दिवस घालवतात. एकाच कानाचं ऐकू कमी होत जाणं, कान वाहणं, कान दुखणं, सोबत गरगरणं, हीही लवकर दाखवायची लक्षणं.

तपासणीत कानावर हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे (हर्ट्झ हे पट्टी मोजायचं माप; आकडा मोठा तितकी पट्टी उंच) वेगवेगळे आवाज ऐकवतात आणि सगळ्यांत लहान कोणता ऐकू आला त्याचा आलेख काढतात. त्याला ऑडिओग्राम म्हणतात. उजवा कान लाल गोलांनी, डावा निळ्या फुल्यांनी दाखवलेला असतो. आवाज किती मोठा हे डेसिबलमध्ये मोजतात. २० डेसिबलच्या आत ऐकू येत असेल तर कान ठीक. २० ते ३५ सौम्य, ३५ ते ५० मध्यम, त्यापुढे तीव्र होत जाणारी श्रवणहानी. शांत खोलीत मीटरभर अंतरावरचं साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं असतं, यावरून अंदाज येईल. आलेख उजवीकडे घसरत गेलेला असेल तर उंच पट्टी गेली आहे, म्हणजे व्यंजनांचा प्रश्न आहे. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावात आयुष्यभर यंत्रमागावर काम केलेल्यांच्या आलेखात बऱ्याचदा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. मोठ्या आवाजाने झालेल्या इजेची ती खूण.

घरातल्या एकाने तरी त्यांच्याबरोबर आत जावं आणि विचारावं: कोणत्या कानाने बरं ऐकू येतं? शब्द ओळखण्याची चाचणी केली का, आणि तिचा निकाल काय? घरी बोलताना या दोन उत्तरांचा रोज उपयोग होतो.

दुसरी पायरी: घर बोलण्याजोगं करा

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो. म्हणजे एका मीटरवरून चार मीटरवर गेलात की १२ डेसिबल गेले. खोलीत भिंतींवरून परतलेला आवाज येतो, पण तो उशिरा येतो आणि मूळ शब्दावर चढून त्याला आणखी पुसट करतो. आजकालच्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत फरशी, मोकळ्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असल्यामुळे हा घुमारा फार असतो. जाड पडदा, सतरंजी, कापडी सोफा यांनी खरोखर फरक पडतो. त्यांच्या नेहमीच्या बसण्याच्या जागेपासून सुरुवात करा.

स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाक मारून बोलणं हा आपल्याकडचा सगळ्यांत मोठा अडथळा आहे. कढईत फोडणी तडतडतेय, एक्झॉस्ट चालू आहे, कुकरची शिट्टी होतेय आणि तिकडून आवाज येतो, ‘बाबा, दुधाची पिशवी आत ठेवलीत का?’ बाबांना पोचतं ते ‘...आ... ई... आ?’ ते ‘हो’ म्हणतात. दूध नासतं आणि भांडण होतं. घरात एकच नियम पाळता येणार असेल तर हा पाळा: एका खोलीतून दुसऱ्या खोलीत त्यांच्याशी बोलायचं नाही. उठून जायचं. चार पावलं चालण्याने वाचणारा वेळ आणि मनस्ताप त्या चार पावलांपेक्षा खूप जास्त आहे.

बोलण्याआधी टीव्ही बंद करा. नुसता आवाज बारीक केला तर चालत नाही, कारण हलत्या चित्राकडेही लक्ष जातं. पंखा फार घरघरत असेल तर दुरुस्त करून घ्या. त्यांची खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवा, म्हणजे उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडेल. आपण खिडकीसमोर उभे राहिलो तर त्यांना आपली नुसती काळी आकृती दिसते आणि ओठ दिसत नाहीत. दाराची बेल आणि फोनची रिंग त्यांना ऐकू येईल अशी निवडा. दिवा लागणारी बेलही मिळते.

तिसरी पायरी: बोलण्याची रीत

आधी लक्ष वेधून घ्या, मग विषय काढा. समोर जाऊन ‘आई’ म्हणायचं, तिने मान वर करून आपल्याकडे पाहीपर्यंत थांबायचं. हाक आणि वाक्य एका दमात म्हटलं तर पहिले तीन-चार शब्द वाया जातात आणि उरलेल्या वाक्याला शेंडाबुडखा राहत नाही. मागून येऊन खांद्यावर हात ठेवू नका, त्या दचकतात. समोरून, दिसेल असे या, आणि त्या बसलेल्या असतील तर तुम्हीही बसा, म्हणजे चेहरे एका पातळीवर येतात.

विषय पहिल्याच वाक्यात सांगा. ‘बँकेचं सांगतोय. हयातीचा दाखला. उद्या सकाळी जायचं आपल्याला.’ निवृत्तिवेतन घेणाऱ्या घरात नोव्हेंबरमध्ये हा दाखला द्यायचाच असतो, त्यामुळे ‘बँक’ आणि ‘दाखला’ एवढं कळलं तरी बाकीचं त्यांचं मन जुळवून घेतं. ऐकू कमी येणारा माणूस सतत अंदाजाने मोकळ्या जागा भरत असतो. विषय माहीत असला की अंदाज बरोबर येतो. बोलता बोलता विषय बदलला तर तेही सांगा: ‘बँकेचं झालं. आता ताईचं.’

वेग कमी करा, पण शब्द ताणू नका. ‘उ...द्या... स...का...ळी’ असं तोडून बोललं की शब्दाचा आकारच मोडतो आणि मोठ्या माणसाला तो अपमान वाटतो. नेहमीच्या लयीत, जरा सावकाश बोला आणि दोन वाक्यांमध्ये श्वासभर थांबा. त्या थांब्यात त्यांचं मन ऐकलेलं जुळवतं. तोंडात घास, पान, सुपारी नको, हात तोंडासमोर नको. मिशा ओठांवर उतरल्या असतील तर कापा. ओठ पाहून कळतं ते सगळंच पुरेसं नसतं, हेही ध्यानात असू द्या: ‘पापा’, ‘बाबा’ आणि ‘मामा’ ओठांवर अगदी सारखे दिसतात, आणि क, ख, ग हे घशाजवळचे असल्यामुळे जवळपास दिसतच नाहीत. म्हणून कान आणि डोळे दोन्हींना मिळून काम करू द्यायचं.

पहिल्यांदा कळलं नाही तर तेच वाक्य एकदा, जरा सावकाश म्हणा. दुसऱ्यांदाही कळलं नाही तर शब्द बदला. जो शब्द दोनदा पोचला नाही तो पाचव्यांदाही पोचण्याची शक्यता कमी. ‘जेवायला चला’ कळलं नाही तर ‘पानं वाढलीत’. ‘छत्री घ्या’ नाही कळलं तर ‘बाहेर पाऊस आहे, भिजाल’. वाक्य थोडं लांब झालं तरी हरकत नाही; एका शब्दापेक्षा चार शब्दांच्या वाक्यात पकडायला जास्त जागा असते. ज्यांना सगळं कळलं नाही, पण काहीतरी कळलं, त्यांना तेवढंच पुन्हा विचारू द्या. ‘उद्या कुठे?’ असं त्यांनी विचारलं तर पूर्ण गोष्ट पहिल्यापासून सांगू नका, ‘बँकेत’ एवढंच सांगा.

आकड्यांची वेगळी काळजी घ्यावी लागते. त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, एकोणचाळीस, एकोणसाठ, सगळे कानाला जुळे भाऊ. वेळ, रक्कम, फोन नंबर, औषधाची मात्रा सांगताना आकडे सुटे सांगा: ‘त्रेपन्न. पाच, तीन.’ बोटं दाखवा. आणि औषधांच्या बाबतीत नुसतं सांगण्यावर कधीच राहू नका. ठळक अक्षरांत कागदावर लिहा: सकाळी कोणती, रात्री कोणती, जेवणाआधी की नंतर. बँकेचा पिन किंवा ओटीपी चारचौघांत ओरडून सांगायची वेळ येऊ देऊ नका, लिहून दाखवा आणि कागद फाडा.

शेवटी ‘कळलं का?’ विचारू नका. याचं उत्तर नेहमी ‘हो’ येतं. वर्षानुवर्षं ‘काय?’ ‘काय?’ विचारून समोरच्याच्या कपाळावरची आठी पाहिलेला माणूस मान डोलवायला शिकतो. त्याऐवजी असं विचारा की उत्तरातूनच कळेल: ‘मग किती वाजता निघायचं ठरलं आपलं?’ हे शाळेतल्या परीक्षेसारखं वाटू नये. बेत पक्का करतोय अशा सुरात विचारा.

‘काही नाही, जाऊ दे’

दोन-तीनदा सांगूनही कळलं नाही की आपल्या तोंडून हे निघतं. बोलणाऱ्याला ते किरकोळ वाटतं. ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं, की तुम्हाला सांगण्याइतकं हे महत्त्वाचं नाही आणि तुम्हीही नाही. सगळे एखाद्या गोष्टीवर हसतात, आजी विचारतात, ‘काय झालं?’, आणि उत्तर मिळतं, ‘काही नाही हो आजी.’ असं रोज घडलं की माणूस विचारणं सोडतो. मग आतल्या खोलीत बसणं वाढतं, देवळात जाणं, कट्ट्यावर बसणं, भिशीला जाणं बंद होतं. विसराळूपणा वाढला असं आपल्याला वाटतं, आणि प्रत्यक्षात ती गोष्ट त्यांच्यापर्यंत कधी पोचलेलीच नसते.

हे एकटेपण आरोग्यालाही महाग पडतं. स्मृतिभ्रंशाच्या ज्या कारणांवर काही करता येतं अशा १४ घटकांची यादी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली दिली, तिच्यात श्रवणहानी आहे. याचा अर्थ ऐकू कमी येणाऱ्या प्रत्येकाला स्मृतिभ्रंश होतो असा नाही. पण ऐकण्याकडे लक्ष देण्याला उशीर करू नये, एवढा अर्थ नक्की आहे.

तेव्हा विनोद असला तरी पुन्हा सांगा. त्या क्षणी खरंच वेळ नसेल तर ‘जाऊ दे’ म्हणू नका, ‘जेवताना सांगते’ म्हणा, आणि जेवताना आठवणीने सांगा. माझ्या मते या लेखातली सगळ्यांत कठीण आणि सगळ्यांत मोलाची सवय हीच आहे.

सण, समारंभ, चारचौघं

समोरासमोर एकाशी बोलताना ज्यांचं ठीक चालतं ते गणपतीत, साखरपुड्यात, वाढदिवसाला पार हरवतात. एका वेळी चारजण बोलतात आणि वाक्य कुणाकडून आलं हे शोधेपर्यंत ते संपतं. त्यांना भिंतीला पाठ करून, कोपऱ्याकडे बसवा, म्हणजे मागचा गोंगाट कमी होतो आणि सगळे चेहरे समोर येतात. स्पीकर, वाजंत्री, पंगतीत वाढपींची ये-जा यांपासून दूर. चांगला कान लोकांच्या बाजूला येईल असं पाहा.

शेजारी घरातलं एक माणूस बसवा, ज्याने अधूनमधून थोडक्यात सांगायचं: ‘मावशी त्यांच्या नव्या जागेबद्दल सांगतायत, डोंबिवलीला घेतली.’ विषय कळला की पुढचं त्यांना बरंचसं सापडतं. हे काम मोठी नातवंडं छान करतात. परदेशातून सुट्टीला आलेल्या नातवंडांना आणखी एक सांगून ठेवा, की इंग्रजी शब्द कमी वापरा. अनोळखी शब्दाचा अंदाज बांधता येत नाही. आणि तासाभराने आजोबा उठून आत गेले तर त्यांना तुसडे म्हणू नका. गोंगाटात ऐकणं हे त्यांच्यासाठी अंगमेहनतीचं काम असतं.

आई-बाबा, हे तुमच्यासाठी

नवीन माणूस भेटला की सुरुवातीलाच सांगून टाका, ‘मला कमी ऐकू येतं, समोर बसून जरा सावकाश बोला.’ चष्मा लावताना आपल्याला संकोच वाटत नाही, मग यात कसला? नुसतं ‘काय?’ विचारण्यापेक्षा जेवढं कळलं तेवढं सांगा: ‘मंगळवारी यायचं म्हणालास, किती वाजता?’ समोरच्याला कमी सांगावं लागतं आणि तो वैतागत नाही. न कळता मान डोलवू नका, विशेषतः औषध, पैसा आणि सही यांच्या बाबतीत. ऐकून थकलात तर तसं म्हणा आणि थोडी विश्रांती घ्या.

कानाचं मशीन

मशीन घेतलं आणि कपाटात ठेवलं, ही घराघरांतली गोष्ट आहे. त्याचं कारण बहुतेक वेळा अपेक्षेत असतं. मशीनने आवाज वाढतो आणि पट्टीनुसार जुळवता येतो, पण गेलेल्या केसपेशी परत येत नाहीत. शिवाय मेंदूला बरीच वर्षं विसरलेले आवाज एकदम ऐकू येऊ लागतात: भांड्यांचा खणखणाट, कागदाची करकर, पंखा, स्वतःचाच घोगरा आवाज. हे सगळं सुरुवातीला नकोसं वाटतं. सवय व्हायला काही आठवडे, कधी महिने लागतात. पहिले काही दिवस घरात, शांत वेळी, एकाच माणसाशी बोलताना थोडा वेळ लावा. मग वेळ वाढवा. बाजार आणि समारंभ सगळ्यांत शेवटी. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, पुन्हा पुन्हा जाऊन मशीन जुळवून घ्यावंच लागतं. त्यासाठी ‘वाट्या-चमच्यांचा आवाज टोचतो’, ‘सुनेचं अजून कळत नाही’ असं नेमकं लिहून न्या. तपासणीशिवाय नुसता आवाज वाढवणारं यंत्र ऑनलाइन मागवू नका.

मशीन शिट्टी मारत असेल तर ते कानात सैल बसलंय किंवा कानात मळ आहे. मशीनच्या छोट्या, हवेवर चालू होणाऱ्या झिंक-एअर बॅटरीचा रंगीत कागद काढला की लगेच आत न घालता मिनिटभर हवा लागू द्या; कागदाच्या रंगावरून आकार ओळखता येतो: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात मशीन रात्री ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा. बॅटऱ्या नातवंडांच्या हाताला लागू देऊ नका. गिळली गेली तर तडक दवाखाना गाठा.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. केंद्र सरकारच्या ‘एडीप’ योजनेतून दिव्यांगांना आणि २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्रं मिळतात. महाराष्ट्रात २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या आणि दोन लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना श्रवणयंत्रासारख्या साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात देण्याची तरतूद आहे. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तपासणीपासून यंत्रापर्यंत याच कामासाठी आहे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही माहिती देते.

मशीन आलं म्हणून वरच्या पायऱ्या सोडू नका. मशीन लावलेल्यालाही समोर येऊन, उजेडात, टीव्ही बंद करूनच बोलावं लागतं.

फोन, दवाखाना, रुग्णालय

फोनवर चेहरा नसतो आणि उंच पट्टीचे आवाज आणखी कापले जातात. म्हणून शक्य तेव्हा व्हिडिओ कॉल करा, कॅमेरा चेहऱ्यासमोर आणि उजेडात धरा. घरातल्या सगळ्यांनी एकदम फोनमध्ये डोकावून बोलू नका, एकेकाने बोला. पत्ता, वेळ, आकडे नंतर मराठीत मेसेज करून पाठवा. ज्यांना टाइप करायचा कंटाळा आहे त्यांना मोबाइलच्या कीबोर्डवर माइक दाबून मराठीत बोललेलं लिहून मिळतं, तेच पाठवता येतं.

डॉक्टरांकडे जाताना मशीन लावूनच न्या आणि आत शिरताच सांगा की ऐकू कमी येतं. डॉक्टर बहुतेक वेळा सोबत आलेल्या मुलाकडे पाहून बोलू लागतात. अशा वेळी नम्रपणे ‘डॉक्टर, तुम्ही बाबांशी बोला, अडलं तर मी सांगतो’ म्हणा. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क असेल तर मुद्दे कागदावर लिहून मागा. निघण्यापूर्वी औषधं आणि पुढची तारीख बाबांकडून एकदा वदवून घ्या.

रुग्णालयात दाखल करायची वेळ आली तर केसपेपरवर ‘ऐकू कमी येतं’ अशी नोंद करायला सांगा आणि पलंगाच्या डोक्याशी ठळक अक्षरांत कागद लावा: ‘उजव्या कानाने बरं ऐकू येतं. समोर येऊन, सावकाश बोला.’ शस्त्रक्रियेआधी मशीन काढून ठेवतात. नाव लिहिलेली डबी बरोबर द्या आणि शुद्धीवर आल्यावर ते लगेच लावायला सांगून ठेवा. चष्मा नाही, मशीन नाही, आजूबाजूला अनोळखी चेहरे, अशा अवस्थेतला म्हातारा माणूस विचारलेल्या प्रश्नांची भलतीच उत्तरं देतो आणि त्याला भ्रम झालाय असं समजलं जातं. वही आणि जाड निबाचं स्केच पेन उशाशी असू द्या, आणि ड्यूटी बदलली की नव्या सिस्टरना ते सगळं पुन्हा सांगा.